मोडी वाचणारा पाहुणा

सिंगापुरात मराठी ही आपली खाजगी खोली आहे, असा माझा बरीच वर्षं समज होता. एमआरटीच्या गाडीत, लिफ्टमध्ये, हॉकर सेंटरच्या जेवणाच्या रांगेत मी समोरच्याच्या टकलाबद्दल, शर्टाबद्दल, घोरण्याबद्दल बायकोशी मोठ्यानं बोलत आलो. कुणी वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्यामुळे त्या दुपारी पाया लेबारच्या आमच्या ऑफिसात, मायक्रोवेव्हपाशी उभा राहून, फोनवर मी तिला सांगत होतो, "अगं, आमच्या शेजारच्या टेबलाची बाई आली बघ डबा घेऊन. आता सांबार तापणार आणि अख्ख्या मजल्याला समजणार की जेवायची वेळ झाली."

बाईनं डबा आत ठेवला, बटण दाबलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "सांबार नव्हे, रसम. आणि वास येतो तो हिंगाचा. तुमच्याकडे हिंग घालत नाहीत का?"

चक्क मराठीत. चाल तामिळ, शब्द मात्र जुन्या पत्रातून काढल्यासारखे. मी फोन बंद केला. पलीकडे बायको "हॅलो, हॅलो" करत राहिली असणार.

तीन वर्षं ती माझ्या शेजारी बसत होती. तीन वर्षं मी तिच्या कानापासून चार फुटांवर मराठीत काय काय बोललो असेन, त्याची उजळणी मी तिथल्या तिथे सुरू केली आणि लगेच थांबवली. तिचं घराणं तंजावरकडचं. भोसल्यांचं राज्य तिकडे झालं तेव्हा जे लोक गेले, त्यांतलं. घरात मराठी बोलतात, लिहितात तामिळमध्ये. "आम्हांला वाटलं तुम्हाला ठाऊक आहे," ती म्हणाली. "सगळं ऐकू येईल असं बोलता म्हणून."

माणसाला लाज वाटली की त्यानं गप्प बसावं. मला लाज वाटली की मी फुशारक्या मारतो. मी म्हणालो, "वा! तंजावर! मग तुमच्याकडे मोडी कागद असतील. मी मोडी वाचतो."

खरी गोष्ट अशी की लॉकडाऊनमध्ये मी मोडीच्या ऑनलाइन वर्गाला नाव घातलं होतं. सहा रविवार. चौथ्या रविवारपासून कॅमेरा बंद करून मी पडून ऐकलं आणि पाचव्या रविवारी नुसताच पडून राहिलो.

पण तिचा चेहरा बदलला. डबा तसाच राहिला. ती सांगू लागली आणि मला कळेना की हे थांबवायचं कसं. धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं, मुलगा पुण्याचा. व्याह्यांनी व्हिडिओ कॉलवर सहज विचारलं, "तुमचं कुलदैवत कोणतं हो? पहिली पत्रिका तिथं ठेवायची ना?" तिच्या वडिलांना, म्हणजे अप्पांना, उत्तर माहीत नव्हतं. इतक्या पिढ्यांत ते कुठेतरी गळून पडलं होतं. अप्पांनी "नेटवर्क गेलं" म्हणून फोन कापला. तेव्हापासून रोज संध्याकाळी ते ट्रंकेतला एक जुना मोडी कागद मांडीवर घेऊन बसत. त्यात असेल, अशी त्यांची खात्री होती. वाचणारा कुणी नव्हता.

"दिवाळीला मी गावी जातेय," ती म्हणाली. "तुम्ही याल?"

घरी हे सांगितलं तेव्हा माझी मुलगी तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली, "बाबा, यू कान्ट ईव्हन रीड युअर ओन शॉपिंग लिस्ट, लाह." बायकोनं फक्त माझी बॅग भरली, आणि त्यात आठवणीनं चष्म्याचे दोन जोड ठेवले.

मी स्वतःची समजूत अशी घातली की आपण देवळं बघायला चाललोय. कावेरीकाठचं छोटं गाव, भोवती चोळांच्या काळची देवळं, कागदाचं बघू. एक्सेलमध्ये मी दीड दिवसात अकरा देवळं बसवली. प्रत्येकाला पन्नास मिनिटं, रिक्षाची दहा. ती शेजारच्या खुर्चीवरून म्हणाली, "देवळं दुपारी बंद असतात." मी म्हणालो, "हो हो, बघतो." बघितलं नाही.

त्रिचीला उतरून गाडीनं दोन तास. नारळ, केळी, भाताची खाचरं, आणि मधेच एखादं गोपुर झाडांवरून डोकं काढून बघणारं. मी सारखा घड्याळ बघत होतो. गावात शिरताच मी म्हटलं, आधी देऊळ, मग घर. तीही हसून चला म्हणाली. पहिल्या देवळात मी आत शिरलो आणि हात सवयीनं वर गेला. समोर घंटा लटकत होती, मी दोरी ओढली. आपल्याकडे देवळात आल्याची वर्दी देतात तशी, दणकून. तिथं ती घंटा फक्त नैवेद्य आणि आरतीच्या वेळी, आणि तीही देवळातला माणूस वाजवतो. खांबाखांबांमागून म्हाताऱ्या बायका उठल्या, एक आजोबा धोतर सावरत धावत आले, गाभाऱ्याकडे गर्दी झाली आणि आतून गुरुजी बाहेर येऊन हात हलवत तामिळमध्ये बरंच काही बोलले. "काय म्हणाले?" मी विचारलं. ती म्हणाली, "सगळं नाही सांगत."

दुसऱ्या देवळात दगडी रथ होता, त्याला दगडी घोडे, आणि खांबावर एवढ्याएवढ्या नर्तकी, की अंगठ्यानं झाकाव्यात. मी फोटो काढले, पाहिलं काहीच नाही. तिसऱ्या देवळाच्या दारात पोचलो तर ते आमच्या तोंडावर बंद झालं. बारा वाजले होते. आता चार वाजता उघडणार. अकरा देवळांतली नऊ एक्सेलमध्येच राहिली आणि माझ्यापुढे चार रिकामे तास उभे राहिले.

"चला," ती म्हणाली. "अप्पा थांबलेत."

घराला बाहेर लांबलचक ओटा होता. त्यावर अप्पा बसले होते, पांढरी वेष्टी नेसलेले, कपाळावर विभूती, दोन्ही गुडघ्यांना पट्टे. मला बघून उठायला लागले, मी "बसा, बसा" म्हणेपर्यंत उठलेही. "या, बाळा. लांबून आलांत," म्हणाले. केळीच्या पानावर जेवण झालं. मी एरवी भात दोनदा घेतो. त्या दिवशी एकदाच घेतला. मग कॉफी आली. मग अप्पा म्हणाले, "आता पाहूंया का?"

समई लावली होती. नवरी मुलगी, तिची आई, शेजारची दोन माणसं, सगळी उभी. अप्पांनी रेशमी उपरण्यातून कागद काढला आणि माझ्या हातांवर ठेवला, तान्हं मूल ठेवतात तसा.

मी एक चष्मा लावला. मग दुसरा. अक्षरं म्हणजे न तोडता मारलेल्या टाक्यांची ओळ. सुरुवातीला श्री होता. श्री सगळ्याच पत्रांत असतो. मी म्हणालो, "श्री..."

सगळ्यांनी हात जोडले.

त्या क्षणी "मला येत नाही" म्हणायला एक वाक्य पुरलं असतं. पण अप्पांचे हात अजून जोडलेलेच होते, आणि मी डोक्यात भराभरा हिशोब केला: तंजावरच्या भोसल्यांची कुलस्वामिनी कोणती? त्यांच्याबरोबर गेलेल्यांची दुसरी कोणती असणार? मी बोट ओळीवरून फिरवलं, एका गाठीपाशी थांबलो आणि म्हणालो, "तुळजा... तुळजाभवानी. तुळजापूर."

नवरीची आई रडायला लागली. अप्पांनी कागद कपाळाला लावला. मग मला वाटलं होतं त्याच्या कितीतरी आधी त्यांनी फोन उचलला, पुण्याला लावला आणि स्पीकरवर ठेवला. व्याही ओरडलेच, "अहो, आमचीही तीच! मग पत्रिका टपालानं कशाला, स्वतःच या. दोघं मिळून ठेवू."

"येतो," अप्पा म्हणाले. पट्टे बांधलेल्या गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "जिना चढावा लागेल का?"

"पायऱ्या उतराव्या लागतील," व्याही म्हणाले. "मग चढाव्या."

"चढेन."

चारपर्यंतचा वेळ कसा काढला ते मला आजही सांगता येत नाही. मी ओट्यावरून उठत होतो, बसत होतो. परसात जाऊन विहिरीत डोकावून आलो. आत फोनवर फोन चालले होते. मदुराईला, बंगळूरला, "मिळाली, मिळाली" एवढं सगळीकडे कळत होतं. माझी सहकारी मात्र दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. शेवटी म्हणाली, "तुम्ही चारदा पाणी प्यायलात."

"ऊन आहे."

"हं."

चारला अप्पा मला त्यांच्या देवळात घेऊन गेले. शर्ट काढावा लागतो. माझं पोट आणि मी, दोघं उघडे पडलो. अंगणातला दगड अजून तापलेला. पाय भाजू नयेत म्हणून अंथरलेल्या ओल्या काथ्याच्या पट्टीवरून अप्पा सावकाश चालत होते आणि मी पट्टीबाहेर नाचत होतो. गाभाऱ्यात तेलाचा आणि वटवाघळांचा वास. गुरुजींनी अर्चनेसाठी नाव, नक्षत्र विचारलं. अप्पांनी ते सांगितलं आणि वर तामिळमध्ये आणखी काहीतरी सांगितलं, ज्यातलं "तुळजापूर" तेवढं मला कळलं. गुरुजी थांबले. देवाच्या गळ्यातला हार काढून त्यांनी अप्पांच्या गळ्यात घातला. अप्पांनी तो काढला आणि माझ्या गळ्यात घातला.

ओल्या झेंडूचा हार उघड्या पोटावर फार गार लागतो. मी बाहेर आलो, नदीच्या पायऱ्यांवर बसलो. अप्पा मागून काठी टेकत आले. मी म्हणालो, "अप्पा, मला मोडी येत नाही."

ते पाण्याकडे बघत राहिले. पात्र रुंद होतं, पाणी पलीकडच्या काठाला एका बाजूनं वाहत होतं.

"श्री?" त्यांनी विचारलं.

"श्री येतो. त्यापुढे नाही."

"तुळजापूर?"

"अंदाज."

मला वाटलं, ओरडतील. मी तयारच होतो. ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फोन काढला. मी म्हणालो, "द्या, मी सांगतो व्याह्यांना. चूक माझी." ते म्हणाले, "तुम्ही बाजूला बसा."

मी दोन पायऱ्या खाली जाऊन बसलो. त्यांचं मराठी संथ, शब्द तोलून टाकलेले. "आमच्याकडे चूक झाली. आमचं दैवत आम्हांला ठाऊक नाही. तुम्ही विचारलंत तेव्हाही ठाऊक नव्हतं. नेटवर्क गेलं नव्हतं. मी फोन ठेवला."

मग व्याह्यांचा आवाज, उतरलेला, बराच मऊ. "अहो, त्यात काय एवढं. आमच्याच देवीपुढे ठेवू दोन्ही पत्रिका."

"नको," अप्पा म्हणाले. "तुमची तुमच्या देवीला ठेवा. माझी, सापडल्यावर."

घरी परतताना ते माझ्याशी एकच वाक्य बोलले, "कोणाला येतं, ते शोधा." त्यांच्या मुलीनं तेवढंही नाही. परतीच्या विमानात ती खिडकीशी बसली आणि मी मधल्या खुर्चीत, चार तास. ऑफिसात ती डबा घेऊन खालच्या मजल्यावर जाऊ लागली.

पुण्यातले एक निवृत्त गृहस्थ खरोखर मोडी वाचतात, असं कळलं. त्यांना मी कागदाचे फोटो पाठवले. रोज सकाळी विचारायचो, "काही लागलं का?" ते लिहायचे, "घाई करू नका. वाळवी आहे." तिकडे पत्रिका छापून आल्या होत्या. एकही वाटली नव्हती. पहिली ठेवल्याशिवाय दुसरी कुणाच्या हातात द्यायची नाही, असा अप्पांचा हट्ट. मांडववाला, आचारी, व्याही, सगळे खोळंबलेले. मी बुकित पंजांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये फेऱ्या मारायचो. मुलगी म्हणायची, "बाबा, सिट डाऊन लाह, यू मेकिंग मी डिझी."

तीन आठवड्यांनी उत्तर आलं तेव्हा मी ऑफिसला निघालेलो, एलआरटीच्या गाडीत होतो. कागद म्हणजे मागे देशावर राहिलेल्या भावाचं पत्र. दक्षिणेत गेलेल्या भावाला रागावून लिहिलेलं: इतकी वर्षं झाली, एकदाही जत्रेला आला नाहीस, भैरोबा तुझी वाट बघतो, तुझा नारळ मीच फोडतो. गावाचं नाव पुढच्या शब्दात होतं, आणि तो शब्द वाळवीनं खाल्ला होता.

मी तसाच तिच्या टेबलापाशी गेलो. उभ्यानंच सगळं वाचून दाखवलं; या वेळी देवनागरीत टाइप केलेलं. ती ऐकत राहिली, मग तिनं फोन लावून माझ्यापुढे धरला. मी अप्पांना पुन्हा वाचून दाखवलं. "तुझा नारळ मीच फोडतो" या वाक्याशी त्यांनी मला थांबवलं आणि ते पुन्हा वाचायला लावलं. तिसऱ्यांदाही.

"भैरोबा कुठला?" त्यांनी विचारलं.

"तेच तर, अप्पा. देशावर गावोगाव भैरोबा आहे. नाव गेलंय."

"किती असतील?"

"खूप."

मागे कुणीतरी भांडी घासत होतं. "माझे गुडघे एकाच गावापुरते आहेत," ते शेवटी म्हणाले. "तुम्ही जा. पत्रिका घेऊन. ज्या पहिल्या भैरोबापाशी पोचाल, त्याला सांगा, आमचा कोणता ते आम्हांला माहीत नाही, पण भाऊ रागावला होता ते आज कळलं. पुढे पोचवायचं त्याच्या हातात."

"मी?"

"तुम्हीच. नारळही फोडा." मग म्हणाले, "देवळावरची पाटी तरी वाचता येईल ना, बाळा?"

शेजारी ती हसली. तीन आठवड्यांत पहिल्यांदा. मी तिथंच रजेचा अर्ज उघडला आणि कारणाच्या रकान्यापाशी अडकलो. तिनं माझ्या खांद्यावरून वाकून पाहिलं आणि म्हणाली, "खरं लिहा."