आत्याची प्रॅक्टिकल

घाटकोपर पूर्वेला दवाखाना चालवायचा असेल तर डॉक्टरला दोन परीक्षा पास व्हाव्या लागतात. एक विद्यापीठाची आणि दुसरी माझ्या आत्याची. विद्यापीठाच्या परीक्षेला पुन्हा बसता येतं. आत्याने नापास केलेला डॉक्टर मात्र आमच्या पंतनगरात फार तर रजेच्या सर्टिफिकेटांपुरता उरतो, कारण भाजी घेऊन घरी परत येईपर्यंत तिने निकाल चार बिल्डिंगांत जाहीर केलेला असतो. आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. मालवणहून मुंबईत आली ती नर्सिंगला, आणि सगळी नोकरी तिने एका म्युनिसिपल हॉस्पिटलात सिस्टर म्हणून केली. लग्न केलं नाही. "वॉर्डात चाळीस माणसं सांभाळतेय, एकेचाळिसावा कशाला?" असं ती म्हणायची. रिटायर झाल्यावर आमच्याकडे राहायला आली ती वॉर्ड सोबत घेऊनच. आमच्या घरात चादरींचे कोपरे मोजून दुमडले जातात आणि पाहुण्यांना "कसे आहात" ऐवजी "पोट साफ होतं का" असं विचारलं जातं. माझं लग्न ठरवायला आलेल्या सासऱ्यांना तिने पाच मिनिटांत पँट गुडघ्यापर्यंत वर करायला लावून पायाची सूज दाबून पाहिली होती. आता बैठक मोडणार म्हणून माझे वडील घामाघूम झाले, पण सासरे उलट खूश झाले. घरच्यांनी म्हणे कधी त्यांच्या पायांकडे बघितलंच नव्हतं.

नवा डॉक्टर आला की आत्या ठेवणीतली सुती साडी नेसायची, एखादं खोटं दुखणं ठरवायची आणि मला पिशवी धरायला सोबत न्यायची. डॉक्टर चेहऱ्याकडे बघतो का, झोपवून तपासतो का, पोटाला लावण्याआधी हात चोळून गरम करतो का, हे सगळे मार्क. एकाने फोनवर बोलता बोलताच एमआरआय लिहून दिला, तेव्हा ती शांतपणे म्हणाली, "कुठे दुखतंय ते मी अजून सांगितलंच नाही." पैकीच्या पैकी मार्क आजवर एकालाच मिळाले. त्याने बराच वेळ तिला तपासलं आणि कबूल केलं की मला काही सापडत नाही. तिचं दुखणं मुळात नव्हतंच, त्यामुळे हे उत्तर अगदी बरोबर होतं.

दोन वर्षांपूर्वी आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर एक पंचविशीतला डॉक्टर आला. लांबच्या जिल्ह्यातलं खाजगी कॉलेज, भिंतीवर डिग्रीची भलीमोठी सोनेरी चौकट. त्याने आत्याचं नाव, वय, नोकरी विचारली, कॉम्प्युटरमध्ये टाइप केलं आणि पाच टेस्ट लिहिल्या. आत्या उठली आणि आपणच तपासायच्या टेबलावर जाऊन आडवी झाली.

"ये इकडे. पोट इथे आहे, कॉम्प्युटरात नाही."

पोरगा आला. पावाची लादी ताजी आहे का हे बघावं तसं त्याने दोन बोटांनी तिचं पोट दाबलं.

"लिव्हर लागलं का हाताला?"

"हो. हे काय."

"ती बरगडी आहे."

आता निकाल लागणार म्हणून मी पिशवी सावरून उभा राहिलो. पण पोराने दवाखान्याचं दार लोटून घेतलं आणि स्टुलावर बसून म्हणाला, "सिस्टर, आमच्या कॉलेजात पेशंटच नव्हते."

"हॉस्पिटल असेल ना?"

"बिल्डिंग होती. तपासणीला कमिटी यायची त्या दिवशी आसपासच्या गावांतून बसने माणसं आणून खाटांवर झोपवायचे. जेवण देऊन संध्याकाळी परत पाठवायचे. मी ज्यांची पोटं तपासली त्यांना काही झालेलंच नव्हतं."

"आणि इंटर्नशिप?"

"ते वर्ष रूमवर बसून पीजीच्या एन्ट्रन्सचा अभ्यास केला. तीही निघाली नाही." तो खाली बघत होता. "रोज शटर उघडताना भीती वाटते. खरंच आजारी माणूस आला तर काय करू?"

त्या दिवशी आत्याने मेथीची जुडी घेतली आणि कोणाशी एक शब्द न बोलता घरी आली. निकाल लागलाच नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी दवाखाना बंद करून पोरगा आमच्या हॉलमध्ये हजर झाला, आणि क्लास सुरू झाला. आठवड्यातून दोनदा सकाळी तिने त्याला जुन्या ओळखीच्या एका मोठ्या डॉक्टरांच्या ओपीडीत उभं राहायला पाठवलं, आणि उरलेले दिवस बिल्डिंग कामाला लावली. दुसऱ्या मजल्यावरच्या गुजराती काकांचं वाढलेलं लिव्हर हा तिचा लाडका धडा. काकाही गाण्याचा आग्रह झाल्यासारखे थोडे लाजून शर्ट वर करत. माझ्या सासऱ्यांचे पाय मुलुंडहून खास बोलावले जात. आत्या पोराचं मनगट धरून हात जागेवर ठेवायची. "दाबू नको रे मेल्या. बोटांनी ऐक." माझी बायको चहा घेऊन आली की आधी तिची नाडी बघितली जाई, मग चहा घेतला जाई. मी ऑफिसातून आलो की सोफ्यावर कोणाचं ना कोणाचं उघडं पोट असे, आणि मी खुर्चीवर बसत असे.

गेल्या वर्षी एका रविवारी दुपारी माझंच पोट दुखायला लागलं. बेंबीपाशी सुरू झालं, मग उजवीकडे खाली सरकलं. आत्याने पोटावर हात फिरवला, म्हणाली, "गॅस आहे. काल वडे किती खाल्लेस?" ओवा आणि हिंग झालं. तासाभरात मी सरळ उभा राहू शकेना, तेव्हा बायकोने पोराला वर बोलावलं. त्याने हात चोळले. हळूहळू दाबलं आणि एकदम सोडलं. मी असा ओरडलो की ते काकांनी दुसऱ्या मजल्यावर ऐकलं.

"अपेंडिक्स वाटतंय. लगेच न्यायला हवं."

"गॅस आहे तो," आत्या म्हणाली. "मी बघितलंय."

पोरगा तिच्याशी वाद घालत बसला नाही. आवाजही चढवला नाही. एवढंच म्हणाला, "सिस्टर, आज माझं ऐका."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली. मग बायकोला म्हणाली, "रिक्षा बघ गं."

ऑपरेशन झाल्यावर सर्जन म्हणाले, अजून दोन-तीन तास गेले असते तर फुटलं असतं. दुसऱ्या दिवशी दुपारी आत्या माझ्या खाटेशी बसली होती. तिला बरं वाटावं म्हणून मी म्हटलं, "चूक कोणाचीही होते गं."

तिने चादरीवरची सुरकुती सरळ केली. मग म्हणाली, "माझ्या बोटांका आता कायेक कळणा नाय रे. साखरेन बधिर केल्यान. तीन वर्षं झाली."

"मला सांगितलं नाहीस कधी."

"तुला सांगून काय होणार होतं? त्याला सांगितलं होतं. शिकवायला घेतलं त्याच दिवशी."

थोड्या वेळाने दवाखान्याची बॅग खांद्याला अडकवून पोरगा मला बघायला आला. तो दारात दिसताच आत्या गुडघ्यावर हात टेकून उठली, पदर नीट केला आणि डॉक्टर राउंडला आल्यावर सिस्टर उभी राहते तशी खाटेच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली. तो गडबडून म्हणाला, "बसा ना, सिस्टर."

ती बसली नाही. त्याने माझी जखम बघून होईपर्यंत तशीच उभी होती.