शामराव पेत नव्हता

हे मी माह्या बायकोलेही सांगतलं नाई. तुम्हाले सांगून राह्यलो — काहून, ते मलेच समजत नाई.

तिरोडीकडच्या एका मँगनीजच्या खदानीत मी हजेरीबाबू होतो. शामराव दगडात भोकं पाडायच्या मशीनवर. दुपारी आम्ही दोघं एकाच डब्यात जेवत होतो. लोकांले वाटते, खदानीत माणूस दगड पडूनच लुळा होते. नाई बाप्पा! त्या काळ्या धुळीनंही होते — हळूहळू. आधी शामरावची चाल बिघडली, कोंबड्यावानी चवड्यावर चालू लागला. मग कारण नसताना हसाले लागला. मायच्या सरणापाशी हसला — डोळ्यात पाणी, अन् तोंडावर हसू. मी बाजूलेच उभा होतो. मग मले माहीत नव्हतं, असं कसं म्हणू?

डॉक्टरनं धुळीचा रोग म्हणून लिहून देल्लं. भरपाईसाठी चौकशी लागली. विमा? होता ना — पण मेल्यावरचा. जित्या माणसाचे हातपाय गेले तर चूल कशावर पेटवायची? त्या भरपाईवरच. आदल्या दिवशी मॅनेजरनं मले बोलावलं. धमकी नाई देल्ली. फक्त विचारलं, कंपनीचं क्वार्टर राहाले बरं आहे ना? एवढ्यानंच माही तंतरली.

चौकशीच्या साहेबानं विचारलं, "ये शराब पीता है?"

"हौ साहेब," मी म्हटलं.

शामरावनं माह्याकडं पाह्यलं अन् — हसला. रोगच तो! पण साहेबाले तेवढं पुरलं — चाल अन् हसू दारूचंच, धुळीचं नाई. भरपाईचा अर्ज बाद झाला.

इथंच थांबलो असतो तरी... पण थांबलो कुठं? त्याची बायको सरुबाई घरी आली. "भाऊजी, हे दारूले शिवतबी नाईत. तुम्ही काहून असं सांगतलं?" तिच्याकडं पाहवत नव्हतं. मी म्हणालो, "वहिनी, तुम्हाले माहीत नाई. लपून पेते तो." हे बोलाले मले कोणी लावलं नव्हतं. हे माहंच.

तिनं खरं मानलं. शामराव पुढं सहा वर्षं जगला. बोलणं तोंडातच अडकायचं, खुलासा तरी काय करन? मी जात होतो त्याच्याकडं — मित्र म्हणून! ताट वाढायच्या आधी सरुबाई त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. रोज. तो लेकरावानी तोंड उघडून बसायचा. एकदा ती मले म्हणाली, "भाऊजी, तुमच्यामुळं मले कळलं तरी."

मी तिनं देल्लेला चहा पेलो.