एकही गोष्ट न काढता

कुठल्या पाड्यावर कुणाकडे कोणती नागली, कोणतं भात जपलंय, ते सांगणारा प्रोग्राम मी लिहिलाय. त्याची फाईल एकच. बियाणं जपणाऱ्या दर बाईने सांगितलेली गोष्ट आधी, त्याखाली त्या बियाण्याचा कोड. चालवायला नुसता कोड लागतो, म्हणून तो वेगळा काढणारी छोटी स्क्रिप्टही माझीच. शाळा चौथीपर्यंत, बाकी सगळं मोबाईलवर बघून शिकले बरं का.

फाईल वाढत गेली तसा कोड निघेपर्यंत चहा निवायला लागला. ठाण्याला कंपनीत असलेली भाची खोडाळ्याला माझ्याकडे आली, बघून म्हणाली, "मावशी, एवढ्या गोष्टी कशाला? काढून टाक, पळेल बघ."

"तुझ्या आईचं सांगणंही त्यात आहे. तेही काढू?"

"मशीनला आईबिई कळत नाही गं."

"मला कळते ना!"

रागारागात स्क्रिप्ट ओळीओळीने वाचली. चूक माझीच निघाली. कोडच्या दर तुकड्यासाठी ती अख्खी फाईल पहिल्यापासून वाचत होती. भातलावणीला आपण एकेका रोपासाठी रोपं वाढवलेल्या राबावर परत जातो का? रोपं एकदाच उपटतो, मुठी बांधतो, खाचरात टाकतो. तसंच केलं. फाईल एकदाच वाचायची, तुकडे नावानिशी बाजूला ठेवायचे, लागेल तो उचलायचा.

आता बटण दाबून हात उचलेपर्यंत कोड तयार. एक शब्द काढला नाही मी. उलट भाचीचा तो सल्लाही स्क्रिप्टच्या वर लिहून ठेवलाय, अख्खा.