शालूताईचा भांडी घासायचा मान

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी माझं वजनसुद्धा खरं सांगतो.

भिवंडीत मी लूमचा मेकॅनिक. आठ वर्षांपूर्वी आमच्या शेटने स्वित्झर्लंडमधल्या एका बंद गिरणीचे जुने लूम घेतले आणि ते खोलून पॅक करायला मला महिनाभर तिकडे धाडलं. राहायला तळ्याकाठचं एक चिमुकलं गाव. सगळे फ्रेंच बोलणारे. मला फ्रेंच येत नाही, पण हातवाऱ्यांवर मी भल्याभल्यांना गुंडाळतो. गावाच्या सरपंच बाई स्वतः सायकलवरून नोटिसा चिकटवत फिरायच्या — बँडचा सराव, बोटींची डागडुजी, उन्हाळ्यातलं गावजेवण. गावजेवणाला प्रत्येक घराने एक पदार्थ आणायचा. रिकाम्या हाताने येईल त्याने सगळ्यांची भांडी घासायची. साधा नियम. एवढा लक्षात ठेवा.

आता बरणीकडे येतो. येतोच आहे, जरा दम धरा.

निघताना शालूताईने, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीने, सुक्या जवळ्याची चटणी करून बरणीत भरून दिली होती. आमच्या दिघाशी गावात तिच्या चटणीवरून पंगतीत भांडणं होतात. म्हणाली, "तिकडच्या लोकांना चाखव. सांग, माझ्या ताईनं केली हाय."

गावजेवणाच्या दिवशी सकाळी मी बरणी उघडली. घरमालकीण जिन्यात थबकली, नाक मुरडलं आणि एकेक करून घरातल्या सगळ्या खिडक्या उघडल्या. बस, एवढंच. ज्या वासाच्या ओढीने मी शाळेतून धावत घरी यायचो, त्याच वासाची मला लाज वाटली. काय केलं असेल मी? धक्क्यावर गेलो — आणि अख्खी बरणी तळ्यात ओतली. मासे गोळा झाले. त्यांनी मात्र नाक मुरडलं नाही.

दुपारी जेवायला गेलो, तर टेबलाच्या मधोमध चीजचा एक गोळा. त्याचा वास असा, की आमचा जवळा त्यापुढे अत्तर. आणि लोक डोळे मिटून खात होते. मी रिकाम्या हाताने आलेला. मला एप्रन बांधून खरकट्या भांड्यांपुढे उभं केलं, सगळं गाव हसत भोवती जमलं, कुणीतरी माझ्याच फोनवर फोटो काढला.

घरी आल्यावर ताईच्या नजरेला नेमका तोच फोटो पडला. "तुला का रे भांडी घासाया लावली? घरी कधी पेला इसळला न्हाय."

तेव्हाच सांगायला हवं होतं, नाही का? पण तिच्यामागे वस्तीतल्या दहाबारा बायका बसलेल्या, आणि समोर प्रेक्षक दिसले की माझी जीभ माझी राहत नाही. म्हणालो, ताई, तिथली रीतच आहे — ज्याचा पदार्थ सगळ्यात आधी संपतो, त्याच्या घराला भांडी घासायचा मान. तुझ्या चटणीचा कणही उरला नाही.

ताईचा चेहरा तुम्ही पाहायला हवा होता. मीही फार वेळ पाहू शकलो नाही.

पुढे काय व्हावं? बायकांना ती रीत आवडली. तेव्हापासून दर जानेवारीत समाजमंदिराच्या अंगणात वस्तीचं जेवण होतं, प्रत्येक घरातून एक पदार्थ येतो. आणि कुणाचं पातेलं आधी रिकामं होतं, ते मी सांगायला नको. आठ वर्षं माझी ताई नळापाशी पाटावर बसून सगळ्या वस्तीची ताटं घासते. तीही अशी ऐटीत, जणू हारतुरे चाललेत. नव्या सुनांना भिंतीवरचा माझा फोटो दाखवते. हो, फ्रेम केलाय.

यंदा तिचा गुडघा सुजला होता. शेजारची मंदा म्हणाली, "आक्का, उठा. मी घासते."

"मान काय असा कुणालाबी देतात?" ताई म्हणाली आणि गुडघा धरत पाटावर बसली.

मी चार पावलांवर उभा होतो. एक वाक्य बोललो असतो तर ती उठली असती. मी बडीशेप चघळत राहिलो.

आणि एक राहिलंच. यंदा ताईची चटणी आणि मंदाचं भरीत शेवटपर्यंत बरोबरीने चाललं होतं. दोन्ही पातेल्यांत एकेक चमचा उरला होता. चटणीचा मी वाढून घेतला. तिसऱ्यांदा.