राक्षसिणीची बाजू
पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गल्लीत ताशे वाजले की धाकट्या बहिणीची ती चित्रकादंबरी आठवते. त्यातला राजपुत्र भित्रा होता, आणि गावाची दुखणी अंगावर घेणाऱ्या राक्षसिणीलाच लोक जाळायचे. त्या वर्षी दवाखान्यातून घरी आणलेली बहीण ते पुस्तक मांडीवर घेऊन गॅलरीत बसली होती. खालून, गावाची रोगराई सोबत नेते म्हणतात त्या मारबतीचा भलामोठा काळा पुतळा जाळायला नेत होते. धूळ, घाम, नुसता कल्ला. आई जीव तोडून ओरडली, “माझ्या पोरीचं दुखणं घेऊन जा गे मारबत!” बहिणीने तिचा हात धरला. “तिच्यावर अजून नको टाकू वं आई. तिले तर जाळाले नेऊन राहिले.” त्या दिवाळीला बहीण नव्हती. यंदाही आई गॅलरीत आली, मारबतीला हात जोडले. मागितलं मात्र काहीच नाही.