वारा गॅस खाई जास

सतरा वर्षांची सर्व्हिस संपवून मी हवालदार म्हणून शिंदखेड्याला परत आलो. पुढचं पोस्टिंग स्वतःच निवडलं: जळगाव, एमआयडीसीतलं एक वेल्डिंग प्रशिक्षण केंद्र, तीन महिन्यांचा मिग कोर्स. गावात लोक म्हणाले, "भाऊ, एटीएमवर बसा निवांत." रिटायर्ड फौजी म्हणजे वॉचमन, हे आपल्याकडे ठरूनच गेलंय. मी ऐकलं नाही, याला कारण नाईक रफिक पिंजारी.

रफिक माझ्याच गावचा. युनिटच्या वर्कशॉपमध्ये तो वेल्डर, मी ड्रायव्हर. डोंगरातल्या त्या पोस्टिंगवर शेडचं दार नीट लागत नसे. मिगची गन हातात घेतली की तो हाक मारायचा, "भाऊ, ताडपत्री धर. वारा गॅस खाई जास." मिगमध्ये तार वितळते तेव्हा तिच्यावर गॅसचं पांघरूण असतं. वारा लागला की ते उडतं आणि जोडात हवा शिरते. वरून शिवण झकास, आतून जाळी. मी ताडपत्री धरून उभा राहायचो आणि त्याला शिव्या घालायचो. तो हसायचा आणि धुळ्याची स्वप्नं सांगायचा. "रिटायर व्हयना की गार्डनी काठी धरू नको. वेल्डिंग शिक. आपन दोन्ही धुयाले वर्कशॉप टाकूत."

जळगावात माझी सवय कायम होती. ०७४५ला हजर, बुटांना पॉलिश. शिकवणारे बोरसे सर आठला यायचे आणि मला बघून उगाच शर्ट खोचायचे. आम्ही नऊ जण होतो. माझ्या शेजारच्या बूथमध्ये मेहरूणची सरला. वय बत्तीस, पापडाचं काम सोडून आलेली. घरात कुणालाच ते पटलं नव्हतं. "या परीक्षेत नाव लागलं नाही तर सासरे परत नाही पाठवणार, भाऊ," असं तिनं मला सांगून ठेवलं होतं. ट्रेलर बनवणाऱ्या एका कारखान्याला माणसं हवी होती आणि तो याच परीक्षेची यादी नेणार होता.

परीक्षा मे महिन्यात आली. बाहेरून परीक्षक आले. प्रत्येकाला दोन प्लेटांची एकच जोडी, मोजून नऊ कापलेल्या. सरलाचा नंबर आठवा, माझा शेवटचा. ११३०ला ती बूथमध्ये शिरली. पत्र्याची शेड, अंगात जाड चामड्याचा एप्रन.

"भाऊ, लई गरम होऊन राहिलं," ती म्हणाली आणि हेल्मेट खाली घेतलं.

मी उठलो आणि कोपऱ्यातल्या कूलरचं तोंड तिच्या बूथकडे फिरवलं. जळगावात मे महिन्यात दुसरं काही सुचत नाही. पाहुणा आला की आधी कूलर फिरवायचा, पाणी मागाहून.

तिची शिवण सरळ आली. परीक्षकांनी प्लेट वाकवून बघायला प्रेसमध्ये घातली. अर्धी वाकली आणि जोडावरच तडकली. आत जाळी होती.

सरला हातमोजे काढून घडी घालायला लागली. मी कूलरकडे पाहिलं. ज्या गोष्टीसाठी मी दोन हिवाळे ताडपत्री धरली होती, तीच मी विसरलो. मला स्वतःची लाज वाटली.

मी सावधान उभा राहिलो. "सर, कूलर मी फिरवला. चूक माझी."

परीक्षक म्हणाले, "उमेदवाराची चूक नसेल तर पुन्हा संधी देता येते. पण प्लेट नाही."

"माझी द्या."

"मग तुमचं काय?"

"पुढची परीक्षा."

सरला नको नको म्हणत होती. बोरसे सर म्हणाले, "ताई, घाला हेल्मेट." मी कूलर बंद केला, दार लावलं आणि कोपऱ्यात पडलेली एक ताडपत्री उचलून दाराच्या फटीला धरली. शेडची भट्टी झाली. गनचा आवाज भजी तळल्यासारखा एकसारखा येत राहिला. १२१५ला तिची प्लेट वाकून घोड्याच्या नालेसारखी झाली. जोड शाबूत होता.

सरलानं डोळे पुसले. "भाऊ, ताडपत्रीचं कुणी शिकवलं?"

"नाईक रफिक पिंजारी."

त्याला जाऊन अकरा वर्षं झाली. अडकलेला ट्रक काढायला रिकव्हरी पार्टी गेली, तिच्यात रफिक होता. १४१०ला दरड कोसळली. मी बेसवर रेडिओजवळ होतो. "रिकव्हरी, लोकेशन बताओ. ओव्हर." ऑपरेटर ते वीस मिनिटं म्हणत राहिला. संध्याकाळी मी शेडमध्ये गेलो. ताडपत्री घडी घालून ठेवलेली होती.

पुढच्या परीक्षेत मी पास झालो. वाकवलेली प्लेट मागून घेतली आणि रफिकच्या आईकडे गेलो. तिला आता फार दिसत नाही. तिनं प्लेट मांडीवर घेतली, मी तिचं बोट शिवणीवर ठेवलं. शिवण घासून सपाट केलेली होती. ती बोट पुढंमागं फिरवत राहिली.

"कोठे जोडेल शे? हाताले लागत नही."

"रफिकनं शिकवलं," मी म्हणालो.

तिनं प्लेट परत दिली नाही.