गळतीखालची कुंडी

माझा धाकटा भाऊ पाहुण्यांना आपल्या गच्चीवरच्या कुंड्या दाखवताना एक कथा सांगतो: वहिनीने पाणी घालघालून मूळ झाड कुजवले आणि त्याने पाने लावून त्याचा वंश वाचवला. ही कथा खोटी आहे. त्या वर्षी तो नागपुरास शिकत होता; बुलढाण्याच्या आमच्या अंगणात दिवाळीखेरीज दिसतही नसे.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षे झाली असतील. मी कचेरीत कारकून होतो. बदली होऊन निघालेल्या एका साहेबांनी मला ते झाड दिले. जाड, निळसर पाने, दगडातून गुलाब कोरावा तशी गोलाकार रचलेली. नाव त्यांनाही ठाऊक नव्हते. "पाणी कमी, आणि मधल्या गाभ्यात थेंबही नको," एवढेच त्यांनी बजावले. मी ती कुंडी ओसरीच्या पत्र्याखाली, तुळशीशेजारी ठेवली.

वैशाखात आईने नेहमीप्रमाणे तुळशीवर गळती टांगली: बुडाला छिद्र पाडलेले मडके, त्यातून दिवसभर थेंब थेंब पाणी. मी आठ दिवस मेहकरला कामावर गेलो आणि परतलो, तेव्हा माझ्या झाडाचा गाभा काळा पडून मऊ झाला होता.

"येवढं एक झाड सांभायता आलं नाही तुले!" मी शेजाऱ्यांदेखत पत्नीवर ओरडलो.

तिने एकदा आईकडे पाहिले. मग मला कुंडीवर लोंबणारी दोरी दिसली. गाठ आईची होती. तुळशीला पाणी आणि शेजारचा जीव तहानलेला, हे तिला पाहवले नसावे; तिने त्याच्यावरही गळती टांगली होती. मी ते ओळखले, पण शब्द मागे घेतला नाही. "फेकून दे ते," एवढेच म्हणालो.

"बाहेरची पानं टणक हायेत. ठेवून पाह्यतो मी," ती म्हणाली.

तिने ती पाने सावलीत सुकवली, छपराच्या फुटक्या कवेलूत वाळू घालून त्यावर मांडली आणि पाण्याचा थेंबही दिला नाही. महिन्याभराने देठांशी गुलाबी मुळे फुटली, मग बोटाच्या पेराएवढे गुलाब. त्यातलाच एक भावाने दिवाळीत नेला.

पुढे तिने एकदाच विचारले, "भाऊजी चार लोकांत मलेच नावं ठेवतात. तुमी सांगान का त्याईले खरं?"

"आई आहे तोवर नको," मी म्हणालो. आई गेली. मी तरी सांगितले नाही, आणि मग तीही गेली.

गेल्या महिन्यात पाहुण्यांसमोर मी सगळे बोललो. भाऊ हसला. "दादा, आता काऊन उकरून काढता? झाड जगलं ना!" पाहुणे चहा घेऊन उतरले. पुढच्या पाहुण्यांना तो पुन्हा तेच सांगेल, आणि दर वेळी त्याच्या गच्चीचा जिना चढून भांडण्याचे बळ माझ्यात उरलेले नाही. म्हणून येथे लिहून ठेवतो: ती पाने तिने लावली. झाड तिने कुजवले नव्हते, हे मला त्याच दिवशी ठाऊक होते.

यंदा तुळशीवर गळती मीच टांगली. शेजारची कुंडी उचलून दोन हात दूर ठेवली. कंबर सरळ व्हायला बराच वेळ लागला.